कडू पाण्याचे आठ दिवस

"घरातल्या सगळ्यांना बोलवा. एकदा आपल्या डोळ्यांनी बघू द्या," बियाणे कंपनीचे खिल्लारे साहेब म्हणाले आणि त्यांनी बगलेतली काळ्या पुठ्ठ्याची डायरी काढली.

आम्ही सगळे बांधावर गोळा झालो. साहेबांनी कांद्याचा एक पांढरा गोंडा दोन बोटांत धरला, त्याखाली डायरी आडवी केली आणि गोंड्यावर टिचकी मारली. काळ्या पुठ्ठ्यावर पिवळसर कण सांडले. पिठाचे असावेत तसे. मग ते कण चालायला लागले.

"फुलकिडे," साहेब म्हणाले. "तीस-पस्तीस तरी असतील. एका गोंड्यावर! आसारामभाऊ, दोन दिवसांत कडक औषध मारा. गेल्या साली तुमचं बी हलकं निघालं, ते कंपनी विसरलेली नाही. यंदाही तसंच झालं तर पुढचा प्लॉट दुसऱ्या गावाला जाईल."

"उद्या सकाळीच मारतो, साहेब," आमचे थोरले दीर म्हणाले.

"फवारू नका," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी एकवीस वर्षांची होते, लग्नाला दहा महिने झाले होते, आणि त्या घरात माणसांसमोर मी इतक्या मोठ्यानं बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

देऊळगाव राजाच्या बाजूला आमचा मळा. घर मळ्यातच, आणि घराच्या दारापासून सुरू होणारा एक एकर कांदा बियाण्यासाठी लावलेला. कांदा खायचा नाही, त्याला दांडे फुटू द्यायचे, दांड्यांवर गोंडे फुलू द्यायचे आणि चैत्रात त्यातलं काळं बी कंपनीला द्यायचं. आमच्या भागात तेव्हा घरोघरी हेच चाले. घरात सासरे आसाराम, त्यांना आम्ही सुना मामा म्हणायचो. थोरले दीर रामकिसन, त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांची बायको गयाबाई, माझी जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. आणि आमचे हे, विष्णू. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या.

"काहून?" मामांनी विचारलं. मामा फार कमी बोलत.

मी सांगितलं, "मामा, गेल्या साली ऐन फुलात फवारलं होतं ना? पाटात मेलेल्या मधमाश्या वाहत आल्या होत्या, असं तुम्हीच म्हणाला होता. गोंड्यात दाणा धरतो तो माश्यांमुळं. माश्याच मेल्या, मग बी भरणार कसं?"

"बरोबर बोलतेय ही," साहेब म्हणाले. माणूस सरळ होता. "पण बाई, किडे ठेवले तरी गोंडा वाळणारच."

"किडे मी हटवते. निंबोळीच्या पाण्यानं. माझे वडील वांग्यावर, मिरचीवर तेच मारतात."

दादा हसले. "वांगं वेगळं आणि कंपनीचा प्लॉट वेगळा."

साहेबांनी डायरी झटकली. "आज मंगळवार. पुढच्या बुधवारी मी येतो. मला वाटतील ते पाच गोंडे झटकणार. एकावर जरी दहाच्या वर किडा निघाला तर त्याच दिवशी माझ्यासमोर फवारणी. चालेल?"

मामांनी जवळचा एक गोंडा हातात धरून बघितला. गोंडे नुकते उमलायला लागले होते.

"आठ दिवस," ते शेवटी म्हणाले. "दिले."

घरात शिरताच अक्का सुरू झाली. अक्काचा आवाज असा होता की ती विहिरीवर बोलली की रस्त्यावरची माणसं ओ देत. "आली मोठी साहेबीण! आम्ही बारा वर्षं ह्या घरात गोवऱ्या थापल्या, आम्हाला कुणी विचारलं नाही प्लॉटला काय मारायचं. हिला आठ दिवस!"

मी गोठ्यातून पोतं ओढून काढलं. आषाढात शाळेसमोरच्या लिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या मी रोज गोळा केल्या होत्या. धुऊन, वाळवून पोत्यात भरल्या होत्या. तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. आसारामच्या धाकट्या सुनेला माहेरी खायला मिळत नव्हतं का, असंही कुणी म्हणालं होतं.

बुधवारी मी उखळ अंगणात मांडलं आणि निंबोळ्या कुटायला घेतल्या. एकरभर प्लॉटला दोनशे लिटर पाणी लागणार होतं, आणि शंभर लिटरला पाच किलो भुकटी, हे वडिलांचं माप मला पाठ होतं. निंबोळीचा वास तुम्हाला माहीत असेल. कडू, तेलकट, नाकात बसला की जात नाही. पहिला घाणा होतोय तोच अक्का तोंडावर पदर धरून घराबाहेर धावली आणि कडब्याच्या गंजीमागं गेली. बऱ्याच वेळानं आली ती डोळे लाल करून.

"तुझ्या ह्या घाणीनं आतडी बाहेर यायला लागली माझी! उचल ते उखळ इथून!"

मी उखळ उचललं. एकटीनं, गडगडत, थेट विहिरीजवळच्या बांधावर नेलं. तिथं संध्याकाळपर्यंत कुटलं. हाताला फोड आले. भुकटी दोन पिंपांत रात्रभर भिजत घातली.

गुरुवारी सकाळी ह्यांनी पाठीवर पंप घेतला. दादांनी सांगितलं होतं, पंप सकाळचाच मिळेल, नंतर हरभऱ्याला लागेल. पाणी मी जुन्या धोतरातून गाळलं होतं, पण धोतराचं पोत विरळ झालेलं. दोन ओळी झाल्या की नोझल तुंबायचं. हे पंप उतरवायचे, नोझल काढायचे आणि तोंड लावून फुंकायचे.

"अगं, जीभ लाकडासारखी झाली माझी," चौथ्यांदा फुंकल्यावर हे म्हणाले. "हे किड्याला मारायचं आहे का मला?"

मी गुळाचा खडा दिला. गूळही कडू लागतो म्हणाले. पण त्यांनी प्लॉट पुरा केला. त्या दिवशी जेवणावरून ते तसेच उठले. मला उगीच चोरट्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी मी चुलीवरचा तवा घेऊन प्लॉटात गेले. तवा काळा असतो, किडा त्यावर उठून दिसतो. पहिला गोंडा झटकला. मोजले. एकतीस. दुसरा. अडतीस. तिसऱ्यावर मोजणं सोडून दिलं.

मागं दादा उभे होते. त्यांच्या हातात औषधाची नवी बाटली होती, सकाळीच देऊळगावहून आणलेली.

"झालं ना समाधान?" ते म्हणाले. रागानं नव्हे, दमल्यासारखं. "उद्या सकाळी मी फवारतो. बुधवारपर्यंत थांबलो तर गोंडे हातचे जातील. मामांना मी सांगतो."

मी विहिरीवर जाऊन बसले. पोतं तिथंच होतं. ते मी उपडं केलं आणि मग मला दिसलं. वरच्या निंबोळ्या चांगल्या होत्या. तळाच्या सगळ्या काळ्या पडलेल्या, बुरशीनं चिकटलेल्या. गोठ्यात ओल होती आणि मी पोतं जमिनीवर ठेवलं होतं. बुधवारी मी पोतं बुडाकडून उसवून त्याच तळाच्या निंबोळ्या कुटल्या होत्या. घाईत बघितलंच नव्हतं. त्यात भर म्हणजे फवारताना पाण्याचे थेंब कांद्याच्या पातीवरून घरंगळून जात होते, तेही मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. वडील पाण्यात रिठे घालायचे. आणि ते सकाळी कधीच फवारत नसत. ऊन कडूपणा खाऊन टाकतं, म्हणायचे. दिवस कलला की फवारायचं, माश्याही घरी गेलेल्या असतात. सगळं मला माहीत होतं. जिभेवर आलं आणि हातात आलं नाही, असं झालं.

"रडतीस काय?"

अक्का होती. नाकाला पदर लावून लांब उभी.

"पोतं सडलंय," मी म्हणाले.

"सडू दे. एक विचारू? खरं सांग. माश्यांसाठी कुणी सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. तुला काय पडलंय एवढं?"

मी वर बघितलं. चार दिवस जे दाबून ठेवलं होतं ते मग बाहेर आलं.

"अक्का, तुम्हाला किती महिने झाले?"

तिचा पदर खाली आला. तिनं मागं वळून बघितलं, कुणी नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. निंबोळीच्या वासानं नुसतं माणूस नाक मुरडतं. तुम्ही तीन वेळा गंजीमागं गेलात. आणि त्याच्या आधी महिनाभर तुम्ही चहा सोडलाय."

अक्का बांधावर बसली. हळूच म्हणाली, "साडेतीन."

आता मला थोडं मागचं सांगितलं पाहिजे. अक्काला बारा वर्षांत दिवसच राहिले नव्हते असं नाही. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात गर्भ पडला होता. दुसऱ्या वेळी मी नुकतीच लग्न होऊन आले होते. फवारणीच्या दिवशी पुरुष पंप घेत आणि पाणी वाहायचं, औषध कालवायचं काम अक्काचं असे. बांगड्या कोपरापर्यंत सारून ती हातानंच पिंप ढवळायची. काठी घ्या म्हटलं तर हसायची. हळदीच्या अंगानं मी ते उन्हाळी मिरचीच्या फवारणीला दारातून बघितलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. त्याचं कारण हेच होतं का, मला माहीत नव्हतं. डॉक्टरनंही काही सांगितलं नव्हतं. पण तो वास आणि ती गाडी माझ्या मनात एकाला एक जोडून बसली होती.

"म्हणून बोलले," मी म्हणाले. "प्लॉट दारातच आहे. पाण्याचा रांजण बांधाला. तुम्ही कालवलं नाही तरी श्वास तर घ्याल."

"मग हे मामांना का नाही सांगितलंस? त्यांनी लगेच थांबवलं असतं."

"तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मग मी कसं सांगणार?"

अक्काला ते कळलं. आधीच्या दोन्ही वेळा तिनं आनंदानं गावभर सांगितलं होतं, आणि नंतर त्याच गावाला तोंड दाखवायला तिला महिना लागला होता. मग तिनं पदर खोचला.

"किती लागतात निंबोळ्या?"

"दहा-दहा किलो, दोन वेळचे. वरच्या चांगल्या निघतील चार-पाच."

"कोरड्या पाहिजेत ना? ऊठ. रडायला माणूस लागत नाही, निंबोळ्या आणायला लागतं."

अक्कानं गावात पाऊल टाकलं आणि पहिल्या घरापासून आवाज दिला. "ए भागीरथे! सुभद्रे! गुरांसाठी ठेवलेल्या निंबोळ्या काढा! आमच्या साहेबिणीला पाहिजेत!" हसल्या बायका. पण अक्काला नाही म्हणायची छाती गावात कुणाची नव्हती. कुणी डब्यातून दिल्या, कुणी पदरातून. भागीरथाबाईनं गुरांच्या गोचिडांसाठी ठेवलेल्या सगळ्याच दिल्या आणि वर विचारलं, "गया, खरंच जमतंय का हे?" अक्का म्हणाली, "जमलं नाही तर मला हसा. हिला नका." वाण्याकडून रिठे तिनंच घेतले. सगळा वेळ पदर नाकावर दाबलेला आणि डोळ्यांतून पाणी.

त्या संध्याकाळी भागीरथाबाई आणि सुभद्रा कुटायला आल्या. अक्का लांब चुलीपाशी बसून रिठे उकळत होती. तेवढ्यात दादा आले. त्यांनी उखळ बघितलं, बायका बघितल्या.

"गया, सकाळी लवकर ऊठ. पाणी भरायचंय. फवारतोय मी."

"मी पाणी भरणार नाही," अक्का म्हणाली.

"काय?"

"कालवणार पण नाही. तुमचं तुम्ही विहिरीतून शेंदा, तुमचं तुम्ही ढवळा आणि तुमचं तुम्ही फवारा. बारा वर्षांत एकदा बघा करून. नाहीतर बुधवारपर्यंत गप बसा."

मुसळं थांबली. दादा कधी तिच्याकडं बघत, कधी माझ्याकडं. ओसरीवर मामा बसले होते. ते उठले, दादांच्या हातातली बाटली घेतली आणि आत जाऊन वरच्या फळीवर ठेवून दिली.

"आठ दिवस म्हणजे आठ," ते म्हणाले.

रविवारी दिवस कलल्यावर आम्ही प्लॉटात उतरलो. पाणी या वेळी माझ्या लग्नातल्या मलमलच्या ओढणीतून दोनदा गाळलेलं. त्यात रिठ्याचा फेस. मी पातीवर पहिला फवारा पडताना वाकून बघितलं. थेंब घरंगळला नाही. पसरला आणि पातीला धरून राहिला. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की ह्यांना वाटलं साप निघाला.

"गोंड्याच्या आत जाऊ द्या, बुडाशी पण," मी सांगत होते. नोझल एकदाही तुंबलं नाही. सोमवारी संध्याकाळी पुन्हा फवारलं. त्या दिवशी दुसरा पंप दादांनी उचलला. का उचलला, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मंगळवारी तव्यावर बारा, नऊ, सात. मी कुणाला आकडा सांगितला नाही. बारा म्हणजे दोन जास्तच होते.

बुधवारी खिल्लारे साहेब आले ते दुपारी. प्लॉट भरात होता, गोंडाभर पांढरी फुलं. आणि माश्या! बांधापासूनच गुणगुण ऐकू येत होती. साहेबांनी पहिला गोंडा धरायला हात घातला आणि मागं घेतला. दुसऱ्यावर घातला, तोही मागं घेतला. गोंड्यांवर माश्या बसलेल्या होत्या. त्या उठेपर्यंत त्यांना थांबावं लागलं.

"एवढ्या माश्या आणल्या कुठून?" त्यांनी विचारलं.

"आणल्या नाहीत," मामा म्हणाले. "हाकलल्या नाहीत."

पहिला गोंडा मधल्या ओळीचा. डायरीवर सहा. दुसऱ्यावर चार. तिसऱ्यावर आठ. चौथ्यावर तीन. बांधावर आता भागीरथाबाई, सुभद्रा आणि त्यांच्यामागं बघायला आलेले दहा-बारा जण उभे होते. साहेब चालत थेट बाभळीखालच्या कोपऱ्यात गेले. तिथं सावली, तिथं किडा जास्त. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. माझी बोटं अक्काच्या मनगटात रुतली.

टिचकी मारली. साहेब वाकले. पेन्सिलीच्या टोकानं मोजायला लागले. थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"नऊ," ते म्हणाले.

अक्कानं असा आवाज केला की बाभळीवरची पाखरं उडाली, आणि सगळे एकदम बोलायला लागले. हे प्लॉटातल्या प्लॉटात फिरत होते, कुठं जावं ते न सुचल्यासारखे. साहेबांनी डायरी मिटली आणि मला विचारलं, "बाई, ते पाण्याचं माप लिहून द्याल का? माझ्याकडं अजून चौदा प्लॉट आहेत."

मी लिहून दिलं. निंबोळी किती, पाणी किती, रिठे किती. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: उन्हात फवारू नये. बुरशी बघून घ्यावी.

त्यानंतर फूल असेपर्यंत दर आठवड्याला आम्ही तेच पाणी मारलं. चैत्रात गोंडे खुडले, वाळवले, बडवले. उफणून झाल्यावर मामांनी बादलीभर पाणी मागितलं आणि मूठभर बी त्यात टाकलं. गेल्या वर्षी निम्मं बी वर तरंगलं होतं, असं सगळे सांगत. आम्ही वाकून बघत होतो. काळे दाणे क्षणभर पाण्यावर थांबले आणि एकामागून एक तळाला गेले. तरंगत राहिले असतील पाच-सात. मामांनी बादलीत हात घालून तळचं बी ढवळलं. परत ढवळलं. मग ओला हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला आणि बैल सोडायला निघून गेले.

आषाढात अक्का बाळंत झाली. दिवस पुरे भरून. मुलगी. सव्वातीन किलोची, काळीभोर, आणि आवाज थेट आईवर गेलेला.

श्रावणात बारसं ठेवलं. ओसरी बायकांनी भरून गेली. आमच्या नणंदबाई जालन्याहून आल्या होत्या; नाव ठेवायचा मान आत्याचा. त्यांनी पाळण्याकडं पाऊल टाकलं तशी अक्कानं त्यांचा हात धरला.

"वन्सं, साडी तुमची, मान तुमचा. तुमच्या पाया पडते. पण कानात नाव हिला सांगू द्या."

"अगं, चुलती कधी नाव ठेवते का?" नणंदबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "असं कुठं असतं?"

"नसतं," अक्का म्हणाली. आणि मग तिनं त्या भरल्या ओसरीत, दादा आणि मामा दारात उभे असताना, विहिरीवरची सगळी गोष्ट सांगितली. एकही शब्द गाळला नाही. आवाजही खाली केला नाही. दादा ऐकत होते. ते पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकता ऐकता ते पायरीवर बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मामांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

नणंदबाईंनी डोळे पुसले आणि मला पाठीला धरून पुढं ढकललं. "जा बाई. माझ्यावतीनं जा."

मी पाळण्यात वाकले. पोरगी टक्क जागी होती. तिच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हटलं, "कुर्रर्र... गोदावरी."

नाव सांगणाऱ्या बाईला पाठीत धपाटे घालायची आमच्याकडं रीत आहे. ओसरीतल्या साऱ्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. हसता हसता माझा श्वास कोंडला, पाळण्याची दोरी हातातून सुटली, तरी धपाटे थांबेनात. त्यातला सगळ्यात जोराचा कुणाचा होता, ते मला मागं वळून बघावं लागलं नाही.